मागं मागं चालू दे

...न्हाई, मी नको म्हणलो होतो का न्हाई? म्हणलो होतो! चार माणसांसमोर म्हणलो होतो! तरी बी लातुरात कुणालाबी विचारा, त्या क्लासचं कॉम्प्युटर कुणी बुडवलं, तर म्हणतेत, व्यंकटनं. तुम्हाला सांगतो, ह्या व्यंकटनं ती मशीन बारा वर्षं लेकरावाणी सांभाळली. रोज धूळ पुसली, वर कापड टाकलं, उन्हाळ्यात टेबलफॅन तिच्याकडं अन् मी आपला घामात! अन् नाव खराब कुणाचं? माझंच. अहो, घरात माणसं असताना पाया उकरू नये, एवढी साधी गोष्ट हाय... पण ऐकतंय कोण!

तर मी नरसिंग सरांच्या क्लासात ऑपरेटर. सर फिजिक्सचे, मूळचे जळकोटकडले. क्लास केवढा म्हणता? एकोणीसशे लेकरं! मुखेडचे, निलंग्याचे, पार नांदेडचे. आता नांदेडात काय क्लासेस कमी हायत? पण तिथले लेकरं इकडं येतेत, इथले तिकडं जातेत, मधल्या मधी एसटीचं बरं चाललंय. त्या एकोणीसशातून साठ जणांची एक स्पेशल बॅच. साठांना सर स्वतः शिकवणार, बाकीच्यांना भिंतीवरचा सरांचा फोटो. साठात नाव आलं म्हंजे पोरगं डॉक्टर झालंच, असं धरून चालतेत लोक. नवस बोलतेत हो! त्या साठांची निवड परीक्षा झालेली, गोळे काळे केलेल्या उत्तरपत्रिका मशिनीतनं वाचून घेतलेल्या, अन् त्या दिवशी चार वाजता यादी लागणार होती.

त्या परीक्षेला माझी पोरगी बसली होती. मृण्मयी. ऑपरेटरच्या पोरीला वशिला लागला असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला सांगूनच ठिवलं होतं, क्लासात मला बाबा म्हणायचं न्हाई. तर ती मला सर म्हणायची. चार महिने पोरीनं टीव्ही बघितला न्हाई, मामाच्या लग्नात सुद्धा मांडवात पुस्तक घेऊन बसली. साठात आलं पायजे, बास.

अडीच वाजता यादी तयार झाली. मी वरनं खाली बघत आलो. दहा... वीस... तीस... पुढं बघायची हिंमत होईना... पस्तीस... अन् एक्केचाळीस! मृण्मयी अन् तिच्यापुढं माझं नाव! डोळे भरून आले माझे, तुम्हाला खोटं कामून सांगू? इकडं तिकडं बघितलं, कुणी न्हाई. म्हणलं सांगायचं न्हाई आत्ता. चारला बोर्डावर तिचं तिनं बघावं, मी आपला लांबून बघावं... तेवढीच बापाची हौस. अन् प्रिंट द्यायला हात पुढं केला, तर मागनं आवाज.

"व्यंकटराव, थांबा. यादीवर आधी माझा फोटो टाका, मग छापा."

टाकतो सर म्हणलं. तर त्यांची नजर गेली कोपऱ्यात. तिथं दोन महिन्यांपासून एक चौकट उगवायची, नवीन विंडोज आलीय, फुकट हाय, घ्या. रोज उगवायची, रोज मी 'नंतर' वर दाबायचो. फुकट घ्या म्हणून जो दोन महिने दारात उभा राहतो, त्याच्या मनात काहीतरी असतंय का न्हाई? सर म्हणले, "हे काय? समोरच्या क्लासात कवाच आलंय हे! घ्या की."

म्हणलं, सर, यादी छापू, मग घेऊ. आपली उत्तरपत्रिका वाचायची मशीन जुनी, तिचा प्रोग्राम जुना, ह्या जुन्यावरच चालतोय. सगळं आत हाय अन् खालचं बदलायचं... सर, घरात माणसं असताना पाया उकरू नये. बॉटनीच्या मॅडम होत्या, शिपाई होता, दोन पालक होते, विचारा त्यांना!

सर हसले. म्हणले, "अहो, ते मागं मागं चालू दे. तुम्ही पुढं तुमचं काम करा." अन् माझ्या हातातला माऊस घेतला, अन् दाबलं. मागं मागं चालू दे! मागं काय चालू हाय ते पुढच्याला कळतंय का कधी?

पंधरा मिनिटं खरंच काही झालं न्हाई. सरांचा फोटो यादीवर बसवून राहिलो होतो. टाय वाकडा होता, सरळ करून राहिलो होतो. अन् मशीन मंद झाली. फोटो अर्धा आला, नाकापर्यंत. मग यादी आपोआप मिटली. मी काही दाबलं न्हाई हो! पडदा निळा झाला अन् मधोमध एक गोल फिरायला लागला. 'अपग्रेड चालू आहे. संगणक बंद करू नका.' सहा टक्के.

म्हणलं सर, थांबवायचं कसं? सर म्हणले, "थांबवायचं कशाला? चारला वेळ हाय." अन् निघून गेले.

आता मी अन् ते गोल. अकरा टक्के... एकोणीस... खाली पालक जमायला लागले. निलंग्याकडला एक म्हातारा नातवासाठी आला होता, खिडकीतनं विचारतो, "साहेब, आमच्या सुदर्शनचं बघा की." मी म्हणलो, बघतो. काय बघतो? गोल! तीस टक्क्यावर वीस मिनिटं थांबलं. मी हात जोडले. एक्केचाळीस आलं तेव्हा वाटलं, हा शुभशकुन हाय. शकुन कशाचा... साठ... अडुसष्ट... साडेतीन वाजले. त्र्याहत्तर.

अन् टेबल हाललं.

मी म्हणलं भास असंल. पाण्याच्या ग्लासाकडं बघितलं. पाण्यावर गोल उठून राहिले. खिडकीची काच किरकिरली. वरचा पत्रा घुमला. जमिनीच्या आतनं आवाज आला, घर्रर्र... तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हाला नवल वाटंल, पण आमच्या भागातल्या माणसाचं ह्या आवाजावर डोकं चालत न्हाई, पाय चालतेत. भूकंपाच्या वक्ताला मी सतरा वर्षांचा. आमच्या गल्लीतले अकरा माणसं गेले. एक तर भिंतीखालनं जित्ता निघाला अन् लोंबत्या वायरीला चिकटून गेला. त्या दिवसापासून माझ्या आईनं, चतुराबाईनं, आम्हाला एकच शिकवलं. "हाललं की आधी मेन पाड, मग पळ!" महिन्यातनं एकदा पाठ करून घ्यायची, जेवता जेवता ओरडायची, अन् आम्ही ताट सोडून पळायचो. तेवीस वर्षं झाली, पण हात विसरला न्हाई.

आता मी जे सांगतो ते आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई.

मी मेन पाडला.

अन् मेन पाडून बी मशीन बंद होईना, ती इन्व्हर्टरवर! तर मी इन्व्हर्टरचा बी खटका पाडला! आईनं शिकवलेलं अर्धवट करतो का मी? सगळं कसं पक्कं केलं, अन् 'पळा!' म्हणून ओरडत जिन्यानं खाली. माझ्यामागं चारशे लेकरं, पालक, मॅडम, अन् सगळ्यांच्या पुढं सर! खाली मैदानात आलो अन् बघितलं तर... शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी. नवीन हॉस्टेलला पाणी पायजे म्हणून बोअर पाडून राहिले होते. कुणाचं हॉस्टेल? सरांचंच! दुष्काळाचं साल, चारशे फूट झाले तरी नुसता फुफाटा.

सगळे हसत हसत वर गेले. मी हसलो न्हाई. वर आलो, खटके वर केले, मशीन चालू केली. काळा पडदा. कट्... कट्... कट्... आतनं कुणी तरी बोटानं वाजवल्यावाणी. सर आले, "काय झालं?" मी म्हणलो, लाईट गेली होती. काय म्हणणार?

नांदेडच्या इंजिनिअरला फोन लावला, मुकुल त्याचं नाव. लई गोड बोलतो. ज्याची बातमी वाईट ते पोरगं गोडच बोलतंय. "काका, टेन्शन नका घेऊ. बॅकअप असेल ना?" म्हणलं हाय की! रोज घेतो! "कुठं घेतलाय?" म्हणलं त्याच मशिनीत, डी ड्राइव्हमध्ये. मग हळूच म्हणला, "काका, कट् कट् ऐकू येतंय ना, डिस्कच गेलीय ती." दुसरी किल्ली घरातच ठिवून घराला कुलूप लावलं होतं मी... बारा वर्षं!

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, न्हाई कशाला? पण वाचायच्या मशिनीचा प्रोग्राम गेला, तिची कंपनी तर कवाच बंद पडली. हातानं तपासा म्हणलं तर मास्तर लोक म्हणले, "आम्ही शिकवायला हाव, गोळे मोजायला न्हाई." सर गॅलरीत गेले, खालच्या गर्दीकडं बघितलं अन् गरजले, "पालकहो! रविवारी पुन्हा परीक्षा! लेकरांचा सराव होईल!" अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! क्लासवाल्याला कशाची भीती न्हाई बघा. बुडालं ते सराव, तरलं ते निकाल.

मी गर्दीत मृण्मयी शोधली. टाळ्या वाजवत न्हवती. बोर्डाकडं बघत उभी होती. मला वाटलं जावं अन् ओरडून सांगावं, बाई, तू एक्केचाळीसावी हायस! पण कोण मानणार? मशीन ऑपरेटरची, यादी ऑपरेटरनं बघितलेली, पोरगी ऑपरेटरची... अन् खटका बी ऑपरेटरनंच पाडलेला! गप बसलो. घरात माणसं असताना पाया उकरू नये म्हणणारा मी, अन् घरावरची शेवटची वीट मीच ढकलली.

रविवारी पुन्हा पेपर झाला. नवीन मशीन आली होती, पण जुन्या उत्तरपत्रिका तिला वाचता येईनात. ह्या वेळी यादी तिच्यावर काढली, मीच छापली, मीच बोर्डावर चिकटवली. साठ नावं. तीनदा वरनं खाली बघितली, दोनदा खालनं वर. निलंग्याचा सुदर्शन आला सोळावा. म्हाताऱ्यानं माझे पाय धरले, म्हणला साहेब, तुम्ही बघतो म्हणला होता! मशिनीत पुरी यादी बघितली, मृण्मयी आली त्रेसष्टावी. तीन माणसं! तीन!

घरी आलो. पोरगी दारात बसलेली. रडत न्हवती, त्याचंच मला भ्या वाटलं. म्हणलं, जेवलीस का? म्हणली, हाव. मग म्हणली, "बाबा, एक विचारू? पहिल्या पेपरचं तुम्ही काही बघितलं होतं का? माझं कितवं आलं होतं?"

तुम्हीच सांगा, काय म्हणलो असंन मी? म्हणलं, न्हाई गं, यादी व्हायच्या आतच बंद पडली मशीन.

तिनं मोठा श्वास सोडला, अन् हसली हो! चार दिवसांनी पहिल्यांदा हसली. म्हणली, "लई बरं झालं बाबा. तो पेपर मला फारच वाईट गेला होता. देवच धावला म्हणायचा!"

मी म्हणलं, हाव बाई. देवच.