कोंबडी किनाऱ्याला लागेपर्यंत

"आजी, ती कोंबडी आज तरी किनाऱ्याला लागणार आहे की नाही, तेवढंच सांगा मला!"... अस्सं म्हणाल्या हो मला, तोंडावर! वर्गाच्या दाराबाहेर, बुटांच्या मांडणीपाशी! माझी एक चप्पल पायात, दुसरी कुणा पोरानं लाथाडून मांडणीखाली सारलेली, मी वाकून काठीनं ती बाहेर ओढतेय, आणि दुसरीच्या बाई कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभ्या! माझ्या सुनेपेक्षाही लहान पोर, पण बाई म्हणायचं, वर्ग त्यांचा ना. म्हटलं, बाई, कोंबडी आहे ती, खलाशी नाही. पंखात वल्हं धरायचं म्हणजे वेळ लागायचाच. तर म्हणतात, "इतका? थंडी सुरू होताना निघाली ती होडीतून, आता मुलांच्या अंगातले स्वेटर उतरले!" आता बोला! स्वेटर उतरले तो काय माझा दोष?

तुम्हाला सांगते, लोकांना वाटतं, पोरांना गोष्ट वाचून दाखवायची त्यात काय एवढं, दिसलं ते पुस्तक उचललं आणि सुरू झालं. अहो, पुस्तक निवडणं म्हणजे काय खायचं काम आहे!

ग्रंथालयात जाऊन बघा एकदा. तिथले ग्रंथपाल मान वर न करता विचारतात, "वय काय, आजी?" मी म्हणते, माझं की पोरांचं? तर म्हणे, "दुसरी ना? मग लाल पट्टीची पुस्तकं. खालचा कप्पा." खालचा कप्पा! म्हणजे पुस्तकं पोरांची, कप्पा पोरांच्या उंचीचा, आणि निवडणारीचे गुडघे... जाऊ दे. बसले खाली. पहिलं काढलं, एक ससा दात घासत नाही, त्याचे दात किडतात, आणि शेवटच्या पानावर दातांचा डॉक्टर येऊन भाषण ठोकतो. ही काय गोष्ट झाली? ही तर दवाखान्यातली पाटी! दुसरं काढलं, चित्रं अशी की बघत राहावं, आणि मजकूर? "ढग." पान उलटा. "मोठा ढग." पान उलटा. "गेला." संपलं! अहो, मी साडी बदलून, दोन रस्ते ओलांडून, शाळेचा जिना चढून येते ती काय "गेला" म्हणायला?

थांबा, उठू नका, मुद्दा पुढेच आहे.

तर माझी पद्धत सांगते. पुस्तक डोळ्यांनी नाही निवडायचं, जिभेनं निवडायचं. घरी आणायचं, स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभं राहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. जीभ अडखळली की ते पुस्तक परत. आवाज आपोआप चढला-उतरला की ठेवायचं. आणि हो, पुस्तक उलटं धरून वाचायचं! हसताय काय? चित्रं पोरांकडे हवीत ना? मग अक्षरं माझ्याकडे उलटी येणार. बाकीचे आजी-आजोबा एक ओळ वाचतात, पुस्तक फिरवून चित्र दाखवतात, पुन्हा फिरवतात, पंखा हलवल्यासारखं! माझं तसं नाही. मांडीवर पुस्तक उभं, तोंड पोरांकडे, आणि मी वरून वाकून उलटं वाचते, सरसर. मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. धाकटा भाऊ पाटावर बसून धडा गिरवायचा, मी समोर बसून भाजी निवडायची, म्हणजे सगळी अक्षरं मला डोक्यावर उभी असलेलीच भेटली. सुलटी वाचायला मला लग्नानंतर शिकावं लागलं, स्वतःच्या हिमतीवर! त्या वेळी सगळे म्हणाले, हिला काय उपयोग? बघा आता उपयोग!

तर मी स्वयंपाकघरात वाचते. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात अडवून विचारते, "काय हो, काल कोणी पाहुणे आले होते का? बोलण्याचा आवाज येत होता." म्हटलं, आले होते, एक लांडगा होता आणि त्याची सासू. तेव्हापासून ती माझ्याकडे जरा जपूनच बघते. बघू दे. मुलगा दूर असतो, त्याचा रविवारी फोन येतो. "आई, जेवलीस? औषध घेतलंस? मग ठेवू?" तुम्हीच सांगा, ह्यापेक्षा त्या ढगाच्या पुस्तकात जास्त मजकूर आहे की नाही? सुनेचा आवाज मागून येतो, "आईंना नमस्कार सांगा." सांगतो. मी घेते. फोन बंद. मग पुढच्या रविवारपर्यंत माझ्या घरात जो आवाज होतो तो माझा नाहीतर कुकरच्या शिट्टीचा, आणि कुकरसुद्धा हल्ली एकाच शिट्टीत आवरतो, एकटीचा भात तो केवढा!

पुस्तक निवडणं म्हणजे काय खायचं काम आहे! हां, कुठे होते मी? शाळेत. शाळेच्या फाटकावर कागद लावला होता, आजी-आजोबांनी आठवड्यातून एकदा वर्गात येऊन गोष्ट वाचावी. मी गेले. बाईंनी विचारलं, "आपला नातू कोणता?" म्हटलं, ह्यातला एकही नाही. माझी नातवंडं दुसऱ्या देशात दुसऱ्या भाषेत गोष्टी ऐकतात. त्या म्हणाल्या, "बरं, एक पुस्तक वाचा." एक पुस्तक! तोच तर नियम. एकाला एक पुस्तक, ते संपलं की त्याची पाळी संपली, पुढचा नंबर. आणि माझ्यानंतर नंबर लावून बसलेत ते मफलरवाले आजोबा, उन्हाळा असो की हिवाळा मफलर गळ्यात, काखेत डायनोसॉरचं पुस्तक, आणि वर्गात खरीखुरी सख्खी नात! त्यांची पाळी संपली तरी नातीला न्यायला रोज येतीलच ते फाटकाशी. माझं काय? मी कोणाला न्यायला येऊ?

मग सांगा, अशा वेळी कसं पुस्तक निवडाल तुम्ही?

मी जाडं निवडलं. कबूल! खालच्या कप्प्यातलं सोडून वरच्या कप्प्यातलं काढलं, लाल पट्टी नाही, निळी पट्टी, चिमटीत धरून बघितलं, चांगलं भरलं. एक कोंबडी, तळ्यापलीकडे काय आहे ते बघायला होडीतून निघते. जीभ अडखळली नाही. आवाज चढला, उतरला. म्हटलं, हेच! आणि पहिल्याच दिवशी, होडीला भोक पडलं, पाणी आत यायला लागलं, कोंबडीनं भोकावर स्वतःचं बूड टेकलं... आणि घंटा! मी पुस्तक मिटलं. काय ओरडली हो पोरं! आयुष्यात माझ्या गप्प होण्यावर कोणी ओरडलं नव्हतं, सगळे "हुश्श" म्हणायचे!

मग काय, दर आठवड्याला घंटेच्या आधी कोंबडी संकटात. आया बाईंकडे तक्रारी घेऊन यायला लागल्या. एक म्हणे, "आमची मुलगी आंघोळीच्या बादलीत बसते, बूड उचलायला तयार नाही, म्हणते बुडेन." दुसरी म्हणे, "आमचा जेवत नाही, कोंबडी उपाशी आहे म्हणतो." अहो, मग द्या म्हणावं दोघांना जेवायला! पोरांना कुणाची तरी काळजी वाटतेय हे वाईट झालं का? माझी... कोंबडीची म्हणतेय मी, कोंबडीची.

आता खरी गंमत ऐका. कितीही जाडं निवडलं तरी पुस्तक ते पुस्तकच. एक दिवस मी बघते तर शेवटची दोनच पानं उरलेली! बाहेर व्हरांड्यात मफलर दिसत होता. मग मी वाचता वाचता एक बेट घातलं. पुस्तकात नव्हतं, मी घातलं! बेटावर एक आंधळं कासव ठेवलं. पुढच्या खेपेला वादळ. मग एक बदक आणलं, ते उगाचच भांडखोर, शेजारणीसारखं बोलणारं, "काय गं, होडीत कोणी आलं होतं का?" पोरं लोळली हसून. पान मात्र उलटायचं नाही, दर वेळी तेच पान समोर! शेवटी पुढच्या रांगेतली चष्मेवाली हात वर करून म्हणते, "आजी, चित्रात तर किनारा आला. कोंबडी उतरलीसुद्धा." मी म्हटलं, ते लांबून दिसतंय, बाळ. ती म्हणाली, "एवढं मोठं?" म्हटलं, हवा स्वच्छ आहे. पोरीनं नुसता चष्मा वर सारला, ती नजर बघा तुम्ही, उद्या न्यायाधीश होणार ती! आणि मागच्या बाकावर वह्या तपासणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

तर हे सगळं होऊन मी बाहेर आलेय, चप्पल शोधतेय, आणि बाईंनी माझ्या काखेतलं पुस्तक अलगद काढून घेतलं. चाळलं. "आजी, बेट कुठाय?" मी काठीनं चप्पल ओढत राहिले. "कासव?" मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत असेल. "बदक?" म्हटलं, बाई, पुस्तक निवडणं म्हणजे काय खायचं काम आहे, ज्यात जे कमी पडतं ते वाचणाऱ्यानं... "आजी!" आवाज चढला त्यांचा. "मफलरवाले आजोबा किती आठवडे व्हरांड्यात बसून परत जातात, मला तोंड दाखवायला जागा नाही. आया मला विचारतात. मी मुलांना सांगते की पुस्तकात असेल तेच वाचायचं, आणि तुम्ही..." मग मीही चढवला. म्हटलं, तुमच्या त्या लाल पट्टीतल्या सशाचे दात किडले, म्हणून पोरांनी घासले का? माझ्या कोंबडीसाठी तुमचा वर्ग श्वास रोखून बसतो! बाई म्हणाल्या, "बसतो. मीही बसते. वह्या तपासायच्या सोडून बसते." भांडणात समोरच्यानं असं खरं बोलू नये, खेळाचा नियम मोडतो.

व्हरांड्यातून पोरांच्या रांगा जात होत्या. बाईंनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं, शेवटच्या पानावर बोट ठेवून. आवाज एकदम खाली आला त्यांचा, वर्गात रडणाऱ्या पोराशी बोलतात तसा, आणि तोच मला सहन होत नाही. म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी हे एवढं वाचून टाका ना. एकदा संपली गोष्ट तर असं काय होणार आहे?"

मी म्हटलं, "काय व्हायचंय, बाई... पोरं टाळ्या वाजवतील, तुम्ही आभार मानाल, आणि शिपाई माझ्यामागे फाटक लावून घेईल."