टाचणी बोटभर पुढे

—नाही हो, कोपनहेगनची कसली? क्राबे कंपनी इथली, मार्स्टालची. थोरल्या क्राबेंनी पहिलं जहाज इथल्या धक्क्यावर बांधून घेतलं, शिडाचं — हे आधी लिहा. शंभर वर्षांचा इतिहास म्हणता ना? मग नीट लिहा. ऑफिस तिकडे गेलं ते फार नंतर. मी एकवीस वर्षं इथल्या ऑफिसात काढली, टोरा म्हटलं की लहान पोर तुम्हाला आणून सोडेल. केक घ्या, कालचा आहे पण चांगला आहे.

माझं काम? नकाशा. भिंतभर नकाशा होता, प्रत्येक जहाजाची एक टाचणी. सकाळी जहाजाचा रेडिओवरून निरोप आला की टाचणी हलवायची. नाही आला तर हात लावायचा नाही — एवढा एकच नियम. आणि दहा वाजता बायका यायच्या, नवरा कुठवर आला ते बघायला. बाजाराच्या पिशव्या घेऊन, सायकली बाहेर लावून. कुणी बोलावलेलं नसायचं, पण यायच्याच.

‘बिर्गिटे’? तुमच्या यादीत आहे होय ती? आहे तर. आइसलंडहून निघालेली, फेब्रुवारीत. माझा धाकटा भाऊ एस्बेन तिच्यावर होता. त्याची बायको बोडिल, सातवा महिना. दोन दिवस निरोप नाही — आता थंडीत रेडिओ बिघडायचेच, त्यात काय एवढं? पण ती यायची, पोटावर हात ठेवून सरळ नकाशापाशी. टाचणी तिथल्या तिथे दिसली असती तर? म्हणून ती यायच्या आधी मी बोटभर पुढे सरकवली. दिवसाचा प्रवास बोटभरच असतो. दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर. ती हसली, म्हणाली, शुक्रवारी येतोय तर.

मालकही नकाशाच बघायचे. म्हणाले, ‘बिर्गिटे’ वेळेवर आहे, आणि जेवायला गेले. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं ना? हवं होतं. पण बोडिल दारात उभी होती, टोपीचे बंद बांधत. नाही उघडलं. तिसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं तेव्हा शोध सुरू झाला. चौथ्या दिवशी तिची जीव वाचवायची होडी सापडली, जहाजावरचे पाचही जण आत, एकमेकांना चिकटून बसलेले. डॉक्टर म्हणाले, मरून एक दिवसही झाला नसावा.

एक दिवस हो. मी त्यांचे दोन घालवले.

बोडिल? आहे ना, शेजारच्याच घरात. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. अजून सांगते लोकांना — ते दोन दिवस टोरामुळे मी शांत झोपले, पोटातलं पोर त्यामुळे वाचलं. माझा हात हातात घेऊन सांगते. छत्तीस वर्षं सांगतेय, आणि मी हात काढून घेत नाही.

हे काय, तुम्ही लिहून घेतलंत? खोडा ते. जहाज वादळात बुडालं एवढंच लिहा, बाकीच्यांनी तेच लिहिलंय. तुमचं पुस्तक ती शब्द न् शब्द वाचेल, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला ठाऊक नाही. नाही, समजावू नका मला. दार वाजतंय, तीच असेल, या वेळेला येतेच ती — वही खिशात घाला, आणि मागच्या दारानं जा.