वरातीचा घोडा

दौंडच्या बाजारपेठेत राहणाऱ्या साखरबाई न्हावऱ्याच्या स्टँडवर घरी परतायला एसटीची वाट बघत होत्या, पण त्यांचा कान शेजारच्या बाकड्याकडं होता. तिथं एक धनगराची म्हातारी आणि तिची नात बसली होती. नातीनं पांढरं लुगडं नेसलेलं, हातात महादेवाची पिंड.

"आजी, आज जयंतीच्या मिरवणुकीत अहिल्यादेवी मीच! घोड्यावर बसायचंय!"

"घोडा कुणाचा?"

"बँडवाल्याचा. लई गरीब हाय म्हणं. रोज नवरदेव नेतो."

"वरातीचा व्हय? आन् बँड वाजला की?"

"की तो नाचतो... अगं बया!"

"इंदूरचं राज्य चालवलेली बाई नाचत जाणार व्हय गं दौंडातनं?"

"सगळी हसतील! बँड बंद ठेवाया सांगू?"

"काय नगं. लगाम मी धरते."

"तुला जमंल?"

"तुझा बाप तान्हा व्हता, तवा त्याला घोड्यावर बांधून, मागं मेंढरं घिऊन दौंडच्या त्याच पेठेतनं जायची मी."

"तवाबी लोकं दारात यायची?"

"यायची की! 'मेंढरं हाका पुढं, दारात घाण करत्यात,' म्हणून वरडाया."

साखरबाईंना राहवलं नाही.

"मावशी, मिरवणूक पेठेत कवा यायची?"

"उन्हं कलल्यावर. का वं बाई?"

"माझं घर पेठेतच हाय. दारात सडा-रांगोळी करून ठेवते."

म्हातारीनं सरकून त्यांना बाकड्यावर जागा करून दिली.

"आजी, मग बँड?"

"वाजू दे की! चांगला दणक्यात वाजू दे!"