पिसाळल्याची लक्षणं

जनावरांच्या दवाखान्यात मांजरवाल्या बाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी निवृत्त इंग्रजीचे मास्तर, पलीकडे त्यांची बायको आणि तिच्या पायाशी घोरणारा कुत्रा, शेठ. कुत्रा नको म्हणून बाईंनी मुद्दाम मास्तरांच्या बाजूची खुर्ची धरली होती.

“किती वेळ ताटकळायचं अजून!” मास्तर कडाडले.

“अहो, तुमच्या या संतापाला इंग्रजीत काय म्हणतात हो?”

“रेज. लॅटिनमधल्या रेबीजवरून आलाय. म्हणजे पिसाळणं.”

“कुत्र्यांचा रोग तो?”

“तोच. फॅशनलासुद्धा रेज म्हणतात. लोक वेड्यासारखे मागे लागतात ना.”

“तुमच्या पोपटी शर्टाच्या मागे कुणी लागलं नाही.”

“विषय काय, बोलतेस काय!”

“बरं, पिसाळल्याची लक्षणं सांगा.”

“तोंडाला फेस येतो.”

“मघाशी गाडी लावण्यावरून भांडताना आला होता तुमच्या.”

“तो राग होता!”

“तेच म्हणतेय मी. पुढे?”

“उगाचच अंगावर धावून जाणं.”

“चालू आहेच. अजून?”

“पाण्याची भीती!”

“अगंबाई! परवापासून आंघोळ नाही तुमची.”

“थंडी आहे गं!”

मास्तर असे गरजले की टोपलीतली मांजर फिस्कारली. शेठने एक डोळा उघडला, मास्तरांकडे पाहिलं आणि परत मिटला.

आतून मदतनीस बाई डोकावल्या. “रेबीजची लस कोणाला द्यायचीय?”

बायको विचारात पडली.

मांजरवाल्या बाई हळूच उठल्या, टोपली छातीशी धरून त्यांनी मास्तरांना लांबून वळसा घातला आणि शेठला अगदी चिकटून बसल्या.