वहिनींना मी विचारलंच नाही

मंडळी, आधी माफी मागतो. मनोहरच्या लेकीनं, अनघानं, मला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, "काका, बाबांविषयी चार शब्द लिहून ठेवा. ऐनवेळी तुमची गडबड होते." मी रोज वही उघडली आणि रोज मिटली. शेवटी आज सकाळी लिहायला बसलो. फार उशीर झाला. त्यामुळे अक्षर वाईट आलंय, आणि चष्माही जुना आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या. मागे आवाज येतोय ना? पंखे फार घरघरतात. असू द्या, बंद करू नका, उकडेल.

तुम्ही सगळे रविवार मोडून आलात. शहराच्या दोन टोकांहून, कोणी बुकित बातोकहून, कोणी सेंगकांगहून, मुलाबाळांना घेऊन इथे हौगांगला आलात. मनोहरला बरं वाटलं असतं. त्याच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं मला जड जातंय. तो समोर असला की मला बोलूच द्यायचा नाही, आणि आज गप्प बसलाय.

मी कोण, ते नव्या मंडळींना ठाऊक नसेल. मी गजानन. मनोहर आणि मी एकाच बोटीवर होतो. तो फिटर, मी इंजिनाला तेलपाणी करणारा ऑइलमन. पुढे दोघंही इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागलो, इथेच राहिलो, इथलेच नागरिक झालो. तो मला गज्या म्हणायचा, मी त्याला मन्या. माझं शिक्षण सातवी, त्याचं नववी. ती वरची दोन वर्षं त्यानं मला जन्मभर ऐकवली.

शोकसभेत माणसाचं चांगलं बोलायचं असतं. मन्याचं चांगलं बोलायला पुष्कळ आहे, आणि तुमच्यापैकी बरेच जण ते बोलतील. मला मात्र एक दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती मनात ठेवून मला झोप लागत नाही. इथे कोणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांनी राग मानू नये. त्यांच्याबद्दल मी जे काही सगळीकडे बोलत फिरलो, तेच आज मागे घ्यायचं आहे.

दीड वर्षापूर्वी मन्याला झटका आला. उजवी बाजू गेली. तो बोलायचा, हसायचा, भांडायचा, पण उजवा हात उचलता येत नव्हता. आंघोळ, कपडे, संडास, सगळं वहिनी करायच्या. सुमतीवहिनी. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांची स्वतःची पाठ गेलेली, डोळ्यांना कमी दिसतं. सरकारकडून घरी मदतनीस मिळतो असं कळलं. रोज सकाळी येऊन माणसाला आंघोळ घालून, कपडे चढवून जातो. आम्ही अर्ज केला. तपासणीसाठी बोलावणं आलं.

त्या दिवशी वहिनींनी काय केलं असेल? त्यांनी मन्याची दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. भांग पाडला. पायांत बूट. मन्या म्हणाला, "सरकारी कामाला माणसानं नीट जावं." मी म्हणालो, "बरोबर आहे." उतरताना चाकाची खुर्ची आम्ही टॅक्सीच्या डिकीतच सोडून जाणार होतो. ड्रायव्हर रागावला म्हणून बाहेर काढली. आत गेल्यावर मन्याला आम्ही दोघांनी साध्या खुर्चीवर बसवलं आणि ती चाकाची ढकलून खांबामागे ठेवली. लोकांनी बघू नये म्हणून.

काय मंडळी, मदत मागायला निघालेला माणूस असा नटून जातो का? आम्ही गेलो.

भिंतीवर पाटी होती. मी हळूहळू वाचली. वंश, भाषा, धर्म, वय, अपंगत्व, काहीही असो, प्रत्येकाला सारखीच सेवा. भाषा अडत असेल तर दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. असं स्पष्ट लिहिलं होतं.

तपासणी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, अनघापेक्षाही लहान. त्यांनी विचारलं, "अंकल, तमिळ दुभाषी बोलावू?" मी म्हणालो, तमिळ नाही, आम्ही मराठी. त्या म्हणाल्या, "मराठीचा शोधावा लागेल. दोन-तीन आठवडे जातील, पण मिळेल. थांबाल का?" आणि मी म्हणालो, नो नीड मॅडम, आय स्पीक इंग्लिश.

मीच म्हणालो. मला कुणी सांगितलं नव्हतं. कशाला त्या बिचाऱ्यांना त्रास, असं वाटलं. आणि खरं सांगू? थोडी ऐटही वाटली. सातवीचा माणूस नववीच्या माणसासाठी साहेबी भाषेत बोलणार होता.

आता आमचं इंग्रजी कसलं? इंजिनरूममधलं. बोटीवर आमची एक पद्धत होती. वरून चीफ इंजिनियरचा फोन आला, काय चाललंय खाली, की आधी म्हणायचं, "ऑल ओके सर." मग पाइप फुटलेला असो, तेल गळत असो. आधी ऑल ओके, मग धावपळ. चीफ खाली यायच्या आत दुरुस्त करायचं. सगळेच तसं करायचे. चाळीस वर्षं जिभेला तेच वळण.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. आंघोळ स्वतः करता येते का?

मी मन्याला सांगितलं. तो माझ्याकडे डोळे वटारून म्हणाला, "करतो म्हण! बाईमाणसासमोर काय सांगत बसतोस?"

मी म्हणालो, "यस मॅडम. ऑल ओके."

कपडे? ऑल ओके. जेवण? ऑल ओके. संडासला एकट्यानं जाता येतं? मन्या खाली बघायला लागला. मी तर विचारलंही नाही त्याला. ऑल ओके.

मग त्या मॅडम वहिनींकडे वळल्या. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आँटी, घरी तुम्हाला कसं जमतं? तुम्हाला काही सांगायचंय?"

मंडळी, हे ऐका. वहिनींनी तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या. आणि मी त्यांना प्रश्न सांगितलाच नाही. परस्परच म्हणालो, "शी ऑल्सो ओके, मॅडम."

प्रश्न वहिनींना होता. मी वहिनींना विचारलंच नाही.

मन्यानं डाव्या हातानं कशीबशी सही केली. खाली हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर कॉफी घेतली. मन्या खूश होता. "गज्या, आज तू चीफ इंजिनियर झालास." मी म्हणालो, "आणि तू नववी असून गप्प बसलास." आम्ही दोघं खूप हसलो. वहिनी हसत नव्हत्या. त्या कप त्याच्या तोंडाशी धरून बसल्या होत्या.

काही आठवड्यांनी पत्र आलं. मदत नाकारली होती. अर्जदार सर्व कामं स्वतः करू शकतात.

मन्या भडकला. "बघितलंस? चिनी असतो, मलाय असतो, तमिळ असतो तर दिली असती. फॉर्मवर आपल्या भाषेचा रकानाच नाही. आपण 'इतर'!" मलाही ते पटलं. पटलं म्हणजे बरं वाटलं. दोष दुसऱ्याचा असला की बरं वाटतं. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना मी फोन करून सांगितलं की मराठी माणसाला इथे डावलतात. गणपतीच्या बैठकीतही उठून बोललो. कोणी म्हणालं नाही, गजाननराव, आधी विचारून तर या.

शेवटी मी एकटाच त्या ऑफिसात भांडायला गेलो. खिडकीवर एक पोरगा होता. मी आवाज चढवला. त्यानं शांतपणे कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एकेक प्रश्न, एकेक उत्तर. खाली सही. "अंकल, यू साइन ऑलरेडी लाह. यू से ऑल ओके, हाऊ?"

मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ते सगळं माझंच बोलणं होतं.

आवाज ऐकून त्या मॅडम बाहेर आल्या. मला बाजूला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, खांबामागची खुर्ची, सगळं. त्यांनी मला खडसावलं नाही. त्या म्हणाल्या, "अंकल, चूक माझीही आहे. मित्राला दुभाषी करायचं नसतं. तुम्ही आग्रह केलात, रांग मोठी होती, मी मान्य केलं. सगळ्यांना मी सारखेच प्रश्न विचारते. पण उत्तर देता येणं सगळ्यांना सारखं जमत नाही. ते बघणं माझं काम होतं." मग त्यांनी नवी तारीख दिली. या वेळी घरी येऊन तपासणी, आणि मराठी दुभाषी त्या शोधणार.

तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. त्या तारखेला नऊ दिवस उरले असताना मन्या न्हाणीघरात पडला. वहिनी त्याला धरून उभ्या होत्या. दोघंही पडले. वहिनींची पाठ आणखी दुखावली. मन्याचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात न्यूमोनिया झाला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. अनघा म्हणाली, "काका, स्वतःला दोष देऊ नका." पण अंत्यसंस्कारानंतर तीच मला म्हणाली होती, "तपासणीला मला का नाही बोलावलंत? मी सुट्टी घेतली असती." मी म्हणालो, "बाबांनी सांगितलं होतं, पोरीला कळवू नकोस." ती म्हणाली, "आणि तुम्ही ऐकलंत?" मी ऐकलं. पहिल्याच वेळी दुभाषी मागितला असता, तीन आठवडे थांबलो असतो, तर मदतनीस त्या सकाळी घरी असता की नसता? मला माहीत नाही. मी रोज हा हिशेब मांडतो, आणि तो सुटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. वेळ होत आला, मला दिसतंय. थोडंच उरलंय.

मन्या गेल्याचं कळल्यावर त्या मॅडमचा फोन आला. दोन शब्द बोलल्या, आणि मग विचारलं, "आँटी एकट्या राहतात का? त्यांची पाठ कशी आहे?" वहिनींचा अर्ज झाला आहे. तपासणी पुढल्या महिन्यात, पहिल्या मंगळवारी सकाळी, घरीच. मन्यासाठी त्यांनी एक मराठी गृहस्थ शोधले होते. मी वहिनींना म्हणालो, तेच येतील, मीही बसेन सोबत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या वेळी तुम्ही येऊ नका."

मी म्हणालो, "मग अनघा बसेल."

"अनघाही नको. तिच्यासमोर मी पुन्हा सगळं ठीक आहे असंच म्हणेन. तिला काळजी नको म्हणून. आणि पुरुषमाणसासमोर मला सांगवणार नाही. कुणीतरी परकी बाई बघा. मराठी येणारी. मला खरं सांगायचंय."

मला खरं सांगायचंय. बेचाळीस वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो, त्यांचं असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. कदाचित त्या बोलल्या असतील, आणि आम्ही दोघं मोठ्यानं हसत असू.

मॅडमना विचारलं. त्यांच्या यादीत मराठी बाई नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या लोकांमधून नाव द्या, आम्ही त्यांना काम समजावून देऊ, यादीत घालू, म्हणजे पुढच्या माणसालाही उपयोग होईल. नाव शुक्रवारपर्यंत हवं. म्हणून मी आज इथे उभा आहे. इथे किती लेकीसुना बसल्या आहेत. ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलता, घरी मराठीत बोलता. तुमच्यापैकी एकीनं एक सकाळ द्यावी. जे विचारलं जाईल तेच मराठीत सांगायचं, आणि वहिनी बोलतील तेच इंग्रजीत. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही झाकायचं नाही. हे सोपं वाटतं. मला जमलं नाही.

मन्या, तुझ्याविषयी बोलायला उठलो आणि स्वतःचंच बोललो. तू असतास तर म्हणाला असतास, गज्या, बस खाली. बसतो. तुला माझा शेवटचा नमस्कार.

आता आपण मनोहरसाठी उभे राहून एक मिनिट शांत राहू या. वहिनी, तुम्हाला उभं राहायला जमेल का?

बरं. वहिनी बसूनच राहतील.

मिनिट झालं की दारापाशी चहा आहे, घेतल्याशिवाय जाऊ नका. अनघा तिथेच असेल, तिच्याकडे माझा नंबर आहे. 'बघते' असं म्हणून जाऊ नका. जमत नसेल तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही. पण हो असो की नाही, लवकर कळवा. शुक्रवारची वाट बघू नका. आज, उद्या, केव्हाही फोन करा. मी फोन जवळ घेऊनच बसलेला असेन.