लिफ्टवाल्याचा श्वास

...नाही पण, माणसानं मोजायचं तरी किती वेळा? तुम्हाला सांगते, ते ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र घरात आलं आणि आमच्या ह्यांचं बोट काही त्यातून निघेना! चहाच्या आधी सत्त्याण्णव, चहानंतर सत्त्याण्णव, बातम्या लागल्या की पुन्हा सत्त्याण्णव... मी म्हटलं, "अहो, गणितात एवढे मिळाले असते तर!" तर चेहरा पांढराफटक. "तुला थट्टा सुचतेय, इथं माझा श्वास पुरत नाहीये." हसू नका. तेव्हा घरात कुणालाच हसू येत नव्हतं.

आणि हा माणूस कोण? लिफ्ट दुरुस्त करणारा! बावीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यांत उतरला, कधी भ्याला नाही. साथ आली, कामावरचा जोडीदार चार दिवसांत गेला, आणि ह्यांनी दाराला कडी घातली ती घातलीच. दुधाची पिशवी धुवायची, मग हात, मग नळ, मग नळाला लागलेला हात... लेक जवळ आली की "लांब हो!" म्हणून ओरडायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. नळ सोडून. आम्हाला काय कळत नव्हतं? हसू नका हो.

एका दुपारी आमच्याच इमारतीची लिफ्ट अडकली, तिसऱ्या नि चौथ्याच्या मध्ये. आत वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या शाळेच्या बाई. कंपनीचा माणूस फोनवर, "दोन तास तरी लागतील." आणि बाई दार बडवताहेत, "हवा नाही हो! कुणी आहे का?" आमच्या सातव्यापर्यंत ऐकू येत होतं! हे दाराशी घामाघूम. हात कडीवर, पण कडी सरकेना. "मला नाही गं जमणार." मी हत्यारांची पिशवी आणून शेजारी ठेवली.

गेले! कठड्याला हात न लावता जिने उतरले, लिफ्टच्या दाराशी फतकल मारली. मी मागोमाग. "बाई, फटीतून हवा येते. बावीस वर्षांत लिफ्टमध्ये गुदमरलेलं माणूस पाहिलं नाही मी. चार आकडे मोजत श्वास घ्या." आतून बाई, "अहो, तुमचाच आवाज कापतोय!" "कापणारच. तीन महिने मलाही हेच होतंय." तर आतून शाळेतला आवाज, "मग तुम्हीही मोजा. मोठ्यानं!"

मोजलं दोघांनी. दाराच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मग वरच्या यंत्रखोलीत जाऊन ह्यांनी हातानं लिफ्ट तिसऱ्यावर उतरवली. बाई बाहेर आल्या, हात जोडले, दोघंही रडले. सहा फुटांवरून!

तुम्हाला वाटलं, झाले बरे? छे! आल्या पावली खोलीत, चौदा दिवस! पण पंधराव्या दिवशी स्वतःहून मनाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दर मंगळवारी बोलतात. आता कामावरही जातात, झोपही लागते.

आणि हे जिना उतरले की माझे हातपाय गार, छाती धडधड, संध्याकाळपर्यंत मी खिडकी सोडत नाही... म्हणून ह्यांचा मंगळवार, आणि बुधवार माझा.