आठ नंबरची जर्सी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगाचे बुवा, तुम्हीही दम खा. आधी एक विचारतो, मग पुढं जातो. एखाद्याला आपण नालायक म्हणतो, ते त्याचं काम बघून म्हणतो, की माणूस बघून आधीच ठरवतो आणि काम मागाहून बघतो?

माना हलवू नका! मान हलवायला काय लागतं? पुढच्या रांगेतले तर अजिबात नको. परवाच्या मॅचला तुमचा आवाज मी इथं गाभाऱ्यात बसून ऐकलाय. देवानंही ऐकला असणार, तो बिचारा कान कुठं झाकणार? हात कमरेवर!

तर ऐका. कोल्हापुरातली गोष्ट. पेठेचं नाव सांगत नाही, उगाच उद्या माझ्या दारात मोटारसायकली नकोत. तालमीचं नाव धरा वाघजाई. तालमीत मारुती, मारुतीसमोर लाल माती. कुस्ती कमी झाली, फुटबॉल वाढला. आता तर तालमी मानधन देऊन परगावचे खेळाडू आणतात. तसाच एक आणला होता सुकुमार मगदूम, शिरोळकडचा. जर्सी आठ नंबरची. जागा मधल्या फळीत. म्हणजे काय? चेंडू मागून त्याच्या पायात यायचा, आणि पुढं कुणाला द्यायचा ते त्यानं ठरवायचं. अख्खा खेळ त्याच्या डोक्यावर. जिंकलो तर गोल मारणारा देव, हरलो तर हा चोर!

आणि या चोराचे न्यायाधीश कोण? रंगराव सरनाईक. पेठेचे रंगातात्या. पिठाची गिरण, पांढऱ्या मिश्या, मैदानाच्या गॅलरीतली वरची पायरी यांची. तिथं दुसरा बसला तर त्याला उठवायचे. तात्यांचा पुतण्या दिग्विजय त्याच संघात, सतरा नंबर. भाऊ वारला तेव्हा पोराला तात्यांनी उचलून घरी आणलं, पोटच्यासारखं वाढवलं. खोटं कशाला बोलू, माणूस मायाळू. पण माया किती? पेठेच्या वेशीपर्यंत!

वर्षभर तात्यांचं एकच चाललेलं. "आठ नंबर भाड्याचा पाय हाय. पेठंचं रक्त न्हाई त्यात. आमच्या दिग्याला द्या ती जागा." आणि फायनल झाली की संध्याकाळी तालमीत बैठक, सुकुमारला ठेवायचं की काढायचं. तिथं तात्यांचा शब्द शेवटचा. म्हणजे पोराचं वर्ष कुणाच्या जिभेवर लटकलेलं, कळलं ना?

फायनलचा दिवस. अख्ख्या संघानं एकसारखे केस कापलेले, बाजूनं भादरलेले, वर तुरा. आत कपडे बदलताना सुकुमार नुसता बसून. दिग्विजय म्हणाला, "चल की भावा."

"दिगू, ती जर्सी अंगात घातली की पाय जड होतात. वरनं काय काय ऐकू येतंय, तुला ठाऊक न्हाई."

दिग्विजय हसला. "एवढंच व्हय? आण इकडं. माझी सतरा तू घाल. मी पेठेतला, मला कोण काय म्हणणार हाय?"

पंचांना नावांची यादी अजून द्यायची होती. संघाला शिकवणाऱ्या मास्तरांनी यादीत नंबर बदलून दिले. जर्सी बदलल्या, पाय तेच. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तात्यांना?

गॅलरीत शेजारी बसलेल्या पानवाल्या बाबालालनं विचारलं, "तात्या, चष्मा आणलाय न्हवं?"

"मला चष्मा लागत न्हाई. खेळाडू मला चालीवरनं कळतोय."

चालीवरनं! शिट्टी झाली. सतरा नंबरनं चेंडू असा काढून दिला, दोघांच्या मधून, सुईत दोरा ओवावा तसा. तात्या उभे. "बघितलंस बाबालाल? हे रक्त! हे शिकवून येत न्हाई!" पुढं आठ नंबरचा पास चुकला. "आला गाववाला. बैलं राखायला धाडा त्याला." गॅलरी हसली. तात्यांनी एक म्हटलं, शंभर तोंडांनी ते उचललं. घरचं, दारचं, आईचं, बहिणीचं. या व्यासपीठावरून उच्चारता येणार नाही असं सगळं.

खाली आठ नंबरात दिग्विजय. हजार आवाजांत त्याला एक आवाज ओळखू येणारच. याच आवाजानं त्याला लहानपणी झोपवलेलं. त्यानं एकदा वर बघितलं. मग पास चुकायला लागले, खरंच चुकायला लागले.

मध्यंतराला तात्या जाळीपाशी. "मास्तर, आठ नंबर काढा. न्हाईतर संध्याकाळी तुमचंबी बघतो." मास्तरांचा धीर सुटला. आठ नंबर खाली मान घालून बाहेर निघाला, आणि तात्यांनी हातातली पाण्याची पिशवी फेकली. मानेवर बसली, फुटली. गॅलरीत टाळ्या! मंडळी, माणसाला अपमानानं भिजवायचं आणि वर टाळ्या? ह्यालाच आपण खेळाचं प्रेम म्हणतो?

शेवटी सतरा नंबरच्या पासवर गोल झाला. वाघजाई जिंकली. गुलाल उडाला. रिवाज असा, की पेठेतल्या वडीलधाऱ्यानं त्या दिवसाच्या खेळाडूला खांद्यावर घेऊन मैदान फिरायचं. तात्या गर्दीत शिरले, पाठमोऱ्या सतरा नंबरला खांद्यावर उचललं आणि ओरडले, "माझा पुतण्या! सरनाइकांचा पोरगा!"

खांद्यावरून हळू आवाज आला, "तात्या, मी सुकुमार हाय. खाली ठेवा मला."

तात्यांनी ठेवलं. बाकाकडे बघितलं. तिथं दिग्विजय, आठ नंबर, मान अजून ओली. तात्या धावत गेले.

"आरं लेकरा, मला काय माहीत तू होतास!"

"माहीत असतं तर?"

"गप बसलो असतो की."

"म्हणजे सुकुमार असता तर बरोबर होतं?"

तात्या रडत रडत त्याची मान पुसायला लागले. मंडळी, इथं चिडा. पिशवी फेकली याचं त्या माणसाला दुःख नव्हतं. ती आपल्या पोराला लागली याचं होतं! मी तुम्हाला सांगतो, रडणाऱ्यांपैकी निम्मे असेच रडतात, आणि आपण त्याला पश्चात्ताप म्हणून हार घालतो.

संध्याकाळी बैठक झाली. सुकुमारला ठेवायचं, एकमतानं. तात्यांनी स्वतः हात वर केला. सुकुमार आत आला, सतरा नंबरची जर्सी घडी करून मारुतीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "दिगूला विचारा, एक दिवस कसा गेला. माझं वर्ष गेलंय." निघाला तो थेट एसटीत. दिग्विजय त्याला सोडायला गेला. तात्या तालमीच्या पायरीवर बसून राहिले. पुढच्या हंगामात आठ नंबर घ्यायला पेठेतलं एक पोर तयार होईना.

आता तुमचं. तात्या वाईट, असं म्हणत घरी जायचा बेत असेल तर बसा खाली! उद्या चारला मॅच आहे. तुम्ही जाणार, मला ठाऊक आहे. आणि मैदान सोडा, घरात नवी सून आली, कचेरीत परगावचा माणूस आला, की तुम्ही वरच्या पायरीवर जाऊन बसता. बिनचष्म्याचे!

आता विठ्ठलाचा गजर करू. पण टाळी त्यानंच वाजवावी, ज्याच्या हातानं कधी कुणावर पिशवी फेकली नाही. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून नुसतं नाव घ्यावं.

मी डोळे मिटतो. माझेही हात मांडीवरच आहेत. टाळी किती जणांची वाजते, ते ऐकू द्या त्या विठ्ठलाला.